अर्ध्या चेहऱ्याची हळद

काल शाळा सुटल्यावर बाळापूरहून स्कूटीवर घरी येत होते. गावाच्या अलीकडचं वळण घेतलं आणि वास आला. हळद शिजत होती. ज्यांनी हा वास कधी घेतला नाही त्यांना तो सांगणं अवघड आहे. मातकट असतो, उग्र असतो, त्यात वाफेचा ओलसरपणा असतो आणि एकदा अंगावर बसला की केसांतून, पदरातून, जेवताना भाकरीतूनसुद्धा येत राहतो. कुणाच्या तरी शेतात कुकर लागला होता. घरातला कुकर नव्हे. ट्रॅक्टरमागे ओढत आणतात ती लोखंडी पिंपांची गाडी, तिच्यात वाफेवर हळद शिजवतात. बांधाच्या पलीकडे पांढरी वाफ उठत होती आणि बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

मी गाडी थांबवली आणि नकळत डाव्या गालाला हात लावला.

आता तीन वर्षं झाली. तरी माघ लागला, हळदीचा पाला कापून झाला, शेतं बोडकी दिसायला लागली, की हा हात तिथे जातोच.

त्या वर्षी आमच्या रेवतीचं लग्न ठरत होतं. रेवती आमची एकुलती एक. छत्रपती संभाजीनगरला नोकरी करते. मुलाकडची माणसं नांदेडहून बोलणी करायला आली ती बरोबर हळद काढायच्या दिवसांत. ओट्यावर ओल्या हळदीच्या गड्ड्यांची पोती, अंगणात माती, सतरंजी टाकायलाही जागा करावी लागली. मी सकाळी शेतात जाऊन आले होते, मग घाईघाईनं साडी बदलून पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आले. मुलाच्या आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी बसलेल्या सुमनला, माझ्या नणंदेला, विचारलं, "या मुलीच्या आजी का?"

सुमननं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "आई आहे. पोहे घ्या."

मी तेव्हा एकावन्न वर्षांची होते.

रेवतीचे बाबा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. त्यांच्या कपाळावर नांगरटीसारख्या रेघा आहेत, डोळ्यांच्या कडेला तर जाळंच आहे. ते तिथेच, माझ्यासमोर बसले होते. त्यांना कुणी आजोबा म्हटलं नाही. उलट मुलाचे काका मान हलवून म्हणाले, "माणूस कष्टाचा दिसतो." मला त्या आत्यांपेक्षा या वाक्याचा जास्त राग आला. ऊन दोघांनी खाल्लं. त्याच बांधावर, त्याच वर्षांत. त्यांच्या तोंडावर ते कष्ट झालं आणि माझ्या तोंडावर म्हातारपण.

बोलणी मात्र पक्की झाली. मुलगा चांगला होता, अजूनही आहे. चैत्रातली तारीख निघाली. पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवसापासून सुमनचे निरोप सुरू झाले. ती हिंगोलीला असते. तिच्या फोनमध्ये जगातल्या सगळ्या आजारांवर उपाय आहेत. "वहिनी, लग्नाला अडीच महिने हायेत. आत्तापासून लावलं तं फरक पडते बघा." बेसन, हळद आणि साय. अंड्यातला पांढरा भाग. कोरफडीचा गर. लिंबू आणि मध. पिकलेलं केळ. किसलेला बटाटा. सोबत एका बाईचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. नंतरच्या फोटोत उजेड जास्त होता, एवढं मला दिसलं. सुमनला दिसलं नाही.

मी हसून सोडून दिलं असतं. पण रेवतीचा फोन आला. "आई, लाव ना गं. काय बिघडतं? माझ्यासाठी लाव."

माझ्यासाठी, हे तिनं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं. ज्या पोरीला चार महिन्यांची असताना पाठीशी बांधून मी हळदीचे गड्डे वेचले, तिला माझं तोंड फोटोसाठी दुरुस्त करून हवं होतं. मी फोन ठेवला आणि आरशासमोर उभी राहिले. कपाळावर तीन आडव्या रेघा. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन खोल चऱ्या. गालावर बारीक, हसल्यावर उमटणाऱ्या. मला त्यांचं काही वाटत नव्हतं, असं मी आज म्हणेन तर खोटं होईल. त्या संध्याकाळी वाटलं होतं.

पण मी विज्ञान शिकवते. आठवीच्या पोरांना दर वर्षी सांगते, दोन कुंड्या घ्या, माती एक, बी एक, पाणी एक, फक्त एक उजेडात ठेवा आणि दुसरी झाका. मगच बोला. आरशासमोर उभी असताना मला एकदम सुचलं, देवानं मला दोन गाल दिलेले आहेत.

ठरलं. डावा गाल उपायांचा. उजव्याला फक्त पाणी. चाळीस दिवस. कुणाला सांगायचं नाही, फक्त ह्यांना सांगितलं, कारण घरात लपून राहिलं नसतं. हे म्हणाले, "अन् डावी बाजू पंचविशीची झाली तं?" मी म्हटलं, "तर तुम्ही माझ्या उजवीकडे बसा."

पहिले दहा दिवस बेसन, हळद, साय. हळद घरचीच. आमच्याकडे हळदीला दोन रूपं असतात. शिजवून वाळवलेलं हळकुंड वरून खरखरीत, सुरकुतलेलं असतं. बाजारात नेण्याआधी ते ड्रममध्ये फिरवून गुळगुळीत करतात, नाही तर व्यापारी हात लावत नाही. घरी खायला आम्ही आदल्या वर्षीचं बिनपॉलिशचंच ठेवतो. ते कुटून मी डाव्या गालाला लावत होते. गाल पिवळा झाला. शाळेत पोरं विचारायची, "मॅडम, तुमचं लग्न हाय का?" लेप धुतल्यावर कातडी मऊ लागायची, हे खरं. सायीचा गुण. तासाभरानं परत होती तशी.

मग अंड्याचा पांढरा भाग. तो वाळला की कातडी ताणली जाते आणि पाच मिनिटं खरोखरच रेघा दिसत नाहीत. एके दिवशी तो लावून बसले होते आणि आमचे हेडमास्तर दारात. शाळेत डोळे तपासणीचं शिबिर घ्यायचं होतं, त्याचे कागद घेऊन आले होते. मी गडबडीत तशीच बाहेर आले. बोलायला गेले तर उजवा ओठ हलतो, डावा हलत नाही. हेडमास्तर एक पाऊल पुढं आले. "मॅडम, घाबरू नका. तोंड एका बाजूनं ओढल्यासारखं दिसून राहिलं. गाडी काढू का? नांदेडला नेतो तुमाला." मी हसले आणि गालावरून पापुद्रा गळून त्यांच्या कागदांवर पडला. बिचारा माणूस पुढचा आठवडाभर माझ्याशी हळू आवाजात बोलत होता.

कोरफडीनं गार वाटलं. केळ्यानं माश्या आल्या.

लिंबानं मात्र घात केला. रविवारी सकाळी लिंबू आणि मध लावला, वीस मिनिटांनी धुतला आणि तशीच शेतात गेले. हळद वाळत घातली होती. खळ्यावर पसरलेली हळकुंडं दिवसातून दोनदा फिरवावी लागतात. फाल्गुनातलं ऊन, वर सावली नाही. दुपारपर्यंत डावा गाल तापायला लागला. संध्याकाळी लाल झाला, दुसऱ्या दिवशी फोड आले, चौथ्या दिवशी कातडी निघायला लागली.

हिंगोलीच्या त्वचेच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी गाल पाहिला आणि विचारलं, "एकाच बाजूला कसं काय?" मी प्रयोग सांगितला. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "लिंबू लावून उन्हात जायचं नसतं. असे गाल घेऊन माझ्याकडे पुष्कळ बायका येतात. बहुतेक लग्नाच्या हंगामात." मी विचारलं, "बाकीच्यानं काही होतं का?" त्या सरळ बोलल्या. सायीनं, तेलानं कातडी ओलसर राहते, म्हणून बारीक रेघा थोडा वेळ कमी दिसतात. अंड्यानं ताणली जाते, धुतलं की संपलं. सुरकुती आतून पडते, वरचा लेप तिथवर पोचत नाही. "जे ऊन लागून गेलं ते लेपानं परत जात नाही. पुढचं ऊन वाचवा. डोक्यावर रुमाल, मोठी टोपी, सावली." मी म्हटलं, "हळद वाळवायला सावली कुठून आणू?" त्या काही बोलल्या नाहीत. मलम लिहून दिलं. त्यांच्या न बोलण्याबद्दल मला त्या आवडल्या.

चाळीस दिवस भरले तेव्हा गालाची कातडी नवी, गुलाबी येऊन सारखी झाली होती. प्रयोगाचा निकाल तर लावायलाच हवा. आमच्या शेतात आठ बायकांची टोळी हळदीला येते. त्यांची म्होरकी गया. मी तिला गयामावशी म्हणत असे. लग्न होऊन आले तेव्हा नाही, पण गेली पंधरा-वीस वर्षं म्हणत होते. काटक, सावळी, तोंडभर सुरकुत्या, बोलायला लागली की त्या सगळ्या एकदम जाग्या होतात. जेवणाच्या सुट्टीत कडुलिंबाच्या झाडाखाली बायका भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्याकडं नीट बघा. कोणती बाजू तरणी दिसते?"

आधी कुणाला कळेना. कळलं तेव्हा एकच हसू उसळलं. "बाई येड्या झाल्या!" मग मात्र गंभीरपणे बघू लागल्या. तिघी म्हणाल्या उजवी. चौघी म्हणाल्या डावी. त्यातली एक नंतर उजवीवर गेली. गयामावशी भाकरी चावत माझ्याकडे बघत राहिली.

"तुमचं काय म्हणणं, मावशी?"

"माझं काय? दोन्ही बाजू तुमच्याच हायेत की. एक काय नांदेडहून आनली?"

पिवळ्या हातांनी टाळ्या वाजवत सगळ्या हसल्या. आणि मला ते हात दिसले. दर वर्षी दिसायचे, त्या दिवशी नीट पाहिले. महिना-दीड महिना त्या बायकांचे हात कोपरापर्यंत हळदीत असतात. साबणानं जात नाही, राखेनं जात नाही. घाम पुसताना तोंडाला, मानेला हळद लागते. वाटीभर नव्हे, पोत्यांनी. चाळीस दिवस नव्हे, वीस-पंचवीस वर्षं. हळदीनं कुणाच्या तोंडावरची रेघ पुसली जाणार असती, तर सगळ्यात आधी या आठ जणींची पुसली गेली असती. सुमनच्या फोनमधल्या त्या बाईची नव्हे.

डोळ्यांचं शिबिर त्याच आठवड्यात झालं. मी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून नावं लिहीत होते. गयामावशी आली. तिला हळकुंडातले खडे दिसेनासे झाले होते. मी तिचं आधार कार्ड घेतलं, नाव लिहिलं, जन्माचं साल लिहिलं आणि वय लिहायला गेले तर हात थांबला. पंचेचाळीस.

मला वाटलं, चूक असेल. गावात पुष्कळांची सालं अंदाजानं टाकलेली आहेत. मी म्हटलं, "मावशी, हे साल बरोबर नाही वाटत."

"काहून? बराबर हाय."

"तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या आहात ना?"

ती सावकाश म्हणाली, "बाई, तुमी लगीन होऊन आल्या तवा वेशीपासून वरात आली. मी सोळा वर्साची व्हते. वरातीत नाचले म्हून माझ्या बापानं मारलं मला. तुमी किती वर्साच्या व्हत्या?"

"बावीस."

"मंग?"

रांगेत मागे माणसं उभी होती. मी मान खाली घालून वय लिहिलं. वीस वर्षं मी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान बाईला मावशी म्हणत होते. तिनं एकदाही दुरुस्त केलं नाही. नांदेडच्या एका बाईनं मला एकदा आजी म्हटलं, तर मी चाळीस दिवस आरसा घेऊन बसले होते.

"मला काहून नाही सांगितलंस?" मी विचारलं. अहोजाहो आपोआप गळून पडलं.

"काय सांगू? तुमी मायेनं म्हनत व्हत्या." मग तिच्या तोंडावर ते सगळं जाळं हललं. "आता मी तुमाला आक्का म्हनते. न्हाई तं हिशेब जमायचा न्हाई."

त्या दिवसापासून ती मला आक्का म्हणते.

आणि त्याच दिवशी मी सुमनला फोन करून सांगितलं की आता उपाय पाठवू नको. "लग्नात माझं तोंड असंच येईल. ज्यांना बघवणार नाही त्यांनी जेवणाकडं बघावं." रेवती रुसली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर मी तिला गयाचं वय सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी त्यांना आजी म्हणायचे गं." मी म्हटलं, "माहीत आहे मला."

चैत्रात लग्न झालं. हळदीच्या दिवशी शेतावरच्या बायकांना नेहमी शेवटी बोलावतात, पाहुण्यांचं झाल्यावर, ताटात काही उरलं तर. मी गयाला सगळ्यात आधी बोलावलं. सुमन कानात म्हणाली, "वहिनी, पाहुणे बघून राहिले." मी म्हटलं, "बघू दे. ही हळद जमिनीतून तिनं काढली. हळदीला तिच्याआधी कुणाचा हात लागला?" गयानं नवं लुगडं नेसलं होतं. रेवतीच्या गालांना हळद लावताना तिचा हात इतका हलका होता की रेवती रडायला लागली. मग गयानं उरलेली हळद माझ्या दोन्ही गालांना फासली. बरोबर दोन्ही. फोटोवाल्यानं तेवढ्यात आम्हा दोघींचा फोटो काढला. दोघी तोंड उघडून हसतोय.

अल्बम महिन्यानं आला. गयाला मी मुद्दाम बोलावून घेतलं. ती हात धुऊन, पदराला पुसून, ओट्यावर मांडी घालून बसली. पान उलटलं आणि मला माझाच फोटो ओळखू आला नाही. सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखी दोन तोंडं. एक माझं. एकही रेघ नाही. हसतोय, पण गालाला वळी नाही, डोळ्यांच्या कडेला काही नाही.

गया फोटोवर वाकली. "ही कोन हाय, आक्का?"

"तू."

तिनं बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. मग फोटोतल्या कपाळाला. "माझं गोंदन कुटं गेलं?"

गयाच्या भुवयांच्या मधे हिरवं गोंदण आहे, चार टिंबं आणि एक उभी रेघ. हनुवटीवर एक टिंब. फोटोवाल्यानं सुरकुत्यांबरोबर तेही डाग समजून पुसून टाकलं होतं. ती म्हणाली, "औंढ्याच्या जत्रंत मायनं गोंदून देल्लं. मी रडत व्हते तं माझं डोस्कं मांडीत धरून बसली. त्याच्याच पुढच्या साली माय गेली." तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं, तक्रार म्हणून नाही. अल्बम अलगद मिटला, माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "चांगला हाय. पोरगी लई गोड दिसते."

दुसऱ्या दिवशी मी अल्बम घेऊन हिंगोली गाठली.

फोटोवाला तरुण, नम्र मुलगा होता. त्याला माझं म्हणणंच कळेना. "मॅडम, हे तर आम्ही सगळ्यांचंच करतो. लोकं स्वतःहून सांगतात, अजून जरा गोरं करा, अजून जरा बारीक करा. तुम्ही पहिल्याच, सुरकुत्या परत टाका म्हणणाऱ्या."

"मूळचा फोटो आहे ना?"

"आहे. पण चांगला नाही दिसणार."

"कुणाला?"

मी त्याला गोंदणाचं सांगितलं. जत्रेचं, मांडीचं, सगळं. त्यानं खुर्ची ओढून कॉम्प्युटर लावला, मूळचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा केला. आणि आम्ही दोघंही जरा वेळ बघत राहिलो. गयाच्या तोंडावर उन्हाच्या किती रेघा होत्या, आणि त्या सगळ्या हसण्याच्या दिशेनं वर गेलेल्या. माझ्याही. डावीकडच्या आणि उजवीकडच्या, सारख्याच.

मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? हाच फोटो चांगला आहे."

अल्बमातलं ते पान बदलून घेतलं. सुमन म्हणाली, व्याह्यांकडे गेलेल्या अल्बमात तर तसंच आहे, आता काय उपयोग? मी तेही पान बदलून नांदेडला पाठवलं. आत्यांना बघू दे. मला आता कुणी आजी म्हटलं तर राग येणार नाही, असं मी सांगणार नाही. येईल. मी तेवढी मोठी झालेली नाही. पण राग आल्यावर मी आता साय, लिंबू, बेसन शोधायला स्वयंपाकघरात जाणार नाही. मला विचारणाऱ्या बायका अजून भेटतात, शाळेतल्या पालक, सुमनच्या मैत्रिणी. खरंच काही होतं का हो मॅडम, म्हणतात. मी सांगते, सायीनं मऊ वाटतं, लावा. लिंबू लावून उन्हात जाऊ नका. डोक्यावर रुमाल बांधा. आणि जे लावाल ते स्वतःला बरं वाटतं म्हणून लावा, दुसऱ्याला आपलं तोंड सोसावं म्हणून नको.

फोटोची एक मोठी प्रत मी काचेत बसवून आणली होती. ती घेऊन शेतावर गेले तेव्हा मे संपत आला होता. पुढच्या लागवडीसाठी बेणं निवडायचं काम चालू होतं. गया सावलीत गड्ड्यांच्या ढिगापाशी बसली होती, किडके बाजूला, चांगले टोपलीत. नवा चष्मा नाकावर घसरलेला. मी फोटो तिच्या पुढ्यात धरला.

तिनं चष्मा वर सारला. टोळीतल्या बायका पाठीमागून वाकून बघायला लागल्या. मग ती म्हणाली, "व्हय. आता मी हाय."

तिनं फोटो घ्यायला हात पुढे केला आणि काचेवर, तिच्या स्वतःच्या गालापाशी, मातीचा आणि हळदीचा पिवळा अंगठा उमटला. मी पदरानं पुसायला गेले.

"ऱ्हाऊ द्या, आक्का," ती म्हणाली. "तो बी माझाच हाय."